भाईजानचा नफ्स आणि भाभीचं मशीन

आमच्या भाईजानने नफ्स मारायला घेतला तेव्हा पहिला वार घरातल्या साखरेवर पडला. नफ्स म्हणजे आपल्या आत बसलेला हावरट, सदानकदा 'मला हवं, मला हवं' करणारा. त्याला लगाम घालण्यात भल्याभल्या वलींची, संतांची हयात गेली. भाईजान ते काम ड्रायक्लीनिंगचं दुकान सांभाळून उरकणार होता. साखर त्याने सोडली, म्हणून फिका चहा आम्ही प्यायचा. घरातला पंखा त्याने बंद केला, म्हणून घाम आम्ही गाळायचा. तो दिवसभर दुकानात, आणि तिथला पंखा गिऱ्हाइकांसाठी चालूच.

नफिल, म्हणजे ऐच्छिक रोजा ठेवायचा तर बायकोने नवऱ्याला विचारावं म्हणतात. आमच्याकडे न ठेवायचा तर विचारावं लागायला लागलं.

"होईल शांत," भाभी आपल्या नणंदेला, म्हणजे मला म्हणायची. "मागे व्यायामाचं खूळ होतं, तेव्हाही डंबेल्स मीच उचलून ठेवायचे."

मग एका शुक्रवारी, जुम्म्याला, भाईजान ज्यांच्या बैठकीला धर्माचं ऐकायला जायचा त्या उस्तादांनी सांगितलं, ज्या वस्तूवर जीव जडलाय ती अल्लाहच्या वाटेवर देऊन टाका, मोठा सवाब, म्हणजे पुण्य मिळेल. भाईजान घरी आला, चहूकडे नजर फिरवली, आणि भाभीचं शिलाई मशीन उचलून बैठकीच्या हॉलवर देऊन आला.

भाभी बाजारातून परतली तर टेबलावर मशीनच्या जागी धुळीचा चौकोन. शेजारी शाळेच्या गणवेशांचे कापून ठेवलेले तुकडे. तिची पहिली मोठी ऑर्डर, सोमवारी द्यायची. आणि मशीन घेतलेलं तिच्या मेहेरच्या पैशातून. निकाहात बायकोला मिळालेल्या त्या पैशाला नवऱ्याने बोट लावायचं नसतं, हे बैठकीला न जाणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

"मशीन कुठंय?"

"दिलं," भाईजान म्हणाला. चेहऱ्यावर नूर. "घरात सगळ्यात प्रिय तेच होतं."

"कुणाला प्रिय?"

"बघ, हा तुझा नफ्स बोलतोय."

मला राहवेना. "भाईजान, तुझी मोटरसायकल कुणाला प्रिय आहे रे?"

"ती गरज आहे," तो म्हणाला. "आणि दिलेलं दान परत मागू नये. गुनाह आहे."

"दान आपल्या वस्तूचं होतं," भाभी ओढणी डोक्यावर घेत म्हणाली. "दुसऱ्याच्या वस्तूचं जे होतं त्याला वेगळा शब्द आहे. चला."

हॉलमध्ये मशीन कोपऱ्यात होतं, कुणीतरी त्यावर टोप्या वाळत घातलेल्या. उस्ताद म्हातारे. त्यांनी भाभीचं सगळं ऐकून घेतलं आणि भाईजानकडे वळले. "देताना त्रास झाला का रे?"

"अजिबात नाही, उस्ताद!"

"कसा होईल? जखम तिला, सवाब तुला."

भाईजानचा नूर जरा उतरला. "महिनाभर रोजे ठेवतो, उस्ताद."

"ते नकोत. रोजे तुला आवडायला लागलेत. हे मशीन डोक्यावर घे आणि भर बाजारातून घरी ने. कुणी विचारलं तर सांग, बायकोचं आहे, न विचारता उचललं होतं."

भाईजान पांढराफटक पडला. मशीन डोक्यावर चढलं. पण तो दाराशी पोचतो न पोचतो तोच मागून उस्तादांचा एक मुरीद, एक शिष्य उद्गारला, "सुभानल्लाह! काय ही नम्रता!" दुसऱ्याने डोळे पुसले. आणि माझ्या डोळ्यांदेखत भाईजानची मान हळूहळू ताठ झाली. डोक्यावर मशीन नाही, ताज असावा तशी.

"उतरवा खाली," भाभी म्हणाली.

"अगं, उस्तादांचा हुकूम..."

"उस्ताद," तिचा आवाज चढला, "मशीन नेलं ते यांच्या नफ्ससाठी. आणायचं तेही यांच्याच नफ्ससाठी! माझ्या मशीनला दुसरा काही धंदा आहे की नाही? यांना झुकवायला दुसरं काहीतरी शोधा. मला सोमवारी गणवेश द्यायचेत."

"बेटी, चुकलो," उस्ताद म्हणाले. "त्याला विचारत बसलो, तुला विचारायला हवं होतं. घेऊन जा."

आम्ही दोघी मशीन मांडीवर घेऊन रिक्षाने आलो. भाभीने पंखा लावला, मशीनला तेल घातलं आणि शिवायला बसली. भाईजान चालत आला आणि मान खाली घालून खिडकीत उभा राहिला.

"तू माफ करेपर्यंत मी इथून हलणार नाही."

"माफीचं नंतर बघू. आधी बाजूला व्हा, उजेड अडतोय." तिने शर्टांचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. "बसा, बटणं लावा. आणि याबद्दल बैठकीत अवाक्षर काढायचं नाही."

भाईजान सुई हातात धरून थबकला.

"उस्तादांनाही नाही?" त्याने विचारलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात खरी कळ उमटली.