गुरुवारचा खोकला

आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे तराजू तपासले. दुकानात शिरायचं, सरकारी वजनं पारड्यात टाकायची आणि गुंजभर फरक निघाला तरी दुकानदाराला घाम फोडायचा, हीच त्याची नोकरी. बाजारात सगळे त्याला ‘काटेसाहेब’ म्हणायचे, तोंडावर आदराने आणि पाठीमागे दातओठ खात. असा माणूस सत्तरीत खोटं माप घालील, असं कोणी म्हटलं असतं तर काटेसाहेबांनी त्याचीच झडती घेतली असती.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा परदेशात. तो रविवारी फोन करायचा आणि ‘सगळं ठीक ना?’ असं इतक्या घाईत विचारायचा, की ‘हो’शिवाय दुसऱ्या उत्तराला जागाच नसे.

दवाखान्याच्या फलकावर एक दिवस सूचना लागली. पासष्टीपुढची माणसं हवी होती. वय झालं की शरीराची रोगाशी लढायची ताकद कमी होते. पाण्यातल्या व्यायामाने ती थोडीफार परत येते का, ते बघायचं होतं. निम्म्यांनी बारा आठवडे कोमट पाण्याच्या तलावात चालायचं, हातपाय हलवायचे. निम्म्यांनी घरी नेहमीसारखं राहायचं. कोण कुठे, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं. रक्त सगळ्यांनी द्यायचं, आधी आणि नंतर. इतरांना ओढ व्यायामाची. याला ओढ आठवड्यातून तीनदा वीस माणसांत उभं राहायची. पठ्ठ्याने चिठ्ठ्या निघण्याआधीच पोहायची चड्डी विकत आणली.

त्याची चिठ्ठी निघाली ‘घरी’. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलं की दुसरं काय होणार?

पण घरी बसणाऱ्यांना दर गुरुवारी दहा वाजता एक फोन यायचा. संशोधन करणारी मुलगी तक्ता पुढ्यात घेऊन विचारायची, “काका, सर्दी? खोकला? ताप? घसा?” चारदा नाही म्हटलं की फोन संपला. चाळीस सेकंद. त्याने घड्याळ लावून मोजले होते.

तिसऱ्या गुरुवारी बोलता बोलता त्याला चहाचा ठसका लागला. “अगंबाई, खोकला? कधीपासून?” म्हणत तिने नऊ मिनिटं विचारपूस केली. आजारी माणसाला बरं वाटेपर्यंत रोज फोन करायचा, असा त्यांचा नियम निघाला. नियम कळला आणि काटेसाहेबांचा खोकला पाच दिवस हटला नाही.

मग चटकच लागली. पाचव्या आठवड्यात सर्दी, आठव्यात घसा, दहाव्यात पुन्हा खोकला. खोकता खोकता त्याला तिच्या घरचं सगळं कळलं. घरात ती आणि आई, दोघीच. आईचं हृदय नाजूक. फोन ठेवला की तो अर्धा तास खूश असायचा, आणि त्यानंतर उरलेला दिवस असायचाच.

बाराव्या गुरुवारी तिचा आवाज नुसता उड्या मारत होता. “काका, पाण्यातली मंडळी फारशी आजारी पडलीच नाहीत! घरी बसलेल्यांचं आजारपण दुप्पट. त्यातलं निम्मं तर तुमचंच, म्हणा. आणि जास्त आजारी पडलेल्यांवर आम्ही आणखी सहा महिने लक्ष ठेवणार. म्हणजे आपले फोन चालूच!”

आणखी सहा महिने. फक्त गप्प बसायचं होतं. मुलगी खूश, तिचे साहेब खूश, आणि गुरुवार शाबूत. पण पारड्याखाली मेण चिकटवणारे दुकानदार त्याच्या डोळ्यांपुढे आले. ‘एवढंसं तर आहे, साहेब,’ असंच म्हणायचे सगळे. त्याला स्वतःची किळस आली.

“मला खोकला नव्हता,” तो म्हणाला.

“आज?”

“कधीच नव्हता. खोकलो की तू बोलतेस, म्हणून.”

ती मग म्हणाली, “मी आईला सांगायचे तुमच्याबद्दल. एकटे आहेत, काही झालं तर, म्हणून घाबरायचे मी.”

याला वाटलं होतं, ती नियमाने विचारते. आता हे कळून काय उपयोग?

“तुमचा तक्ता बाद करावा लागेल,” तिचा आवाज कोरडा झाला होता. “मग फोनही नाही करता येणार. आधी एकेक नोंद तपासते. तिसरा आठवडा?”

“खोटं.”

“पाचवा?”

“खोटं. आठवा आणि दहावाही.”

“सातव्यात चारही ‘नाही’ आहेत. निदान ते तरी खरं ना?”

“नाही. तेव्हा ताप होता. एकशे दोन. तीन दिवस.”

“काका! मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

“त्या गुरुवारी तूच म्हणालीस, आई दवाखान्यात आहे. म्हटलं, तुझ्या डोक्याला आणखी माझा ताप कशाला?”

पलीकडे पेन थांबलं.

“जवळ कोण होतं तेव्हा?” तिने विचारलं.

हा प्रश्न तक्त्यात नव्हता. चार वर्षांत त्याला कोणी तो विचारलाच नव्हता, त्यामुळे त्याचं खोटं उत्तर त्याच्याकडे तयार नव्हतं.

“कोणी नव्हतं,” तो म्हणाला.