सिस्टरचा खोडरबर

मी खोडरबर बोलतोय. दुकानात होतो तेव्हा माझे कोपरे चांगले टोकदार होते, अंगावर निळं वेष्टन होतं. आता अंगठ्याच्या पेराएवढा उरलोय. पण तक्रार नाही.

मला एका नर्सने विकत घेतलं. घरीदारी सगळे तिला सिस्टरच म्हणत. इंग्रजीची प्रवेशपरीक्षा पास झाली की तिला पदवीच्या वर्गात जागा मिळणार होती, रात्रपाळी कायमची सुटणार होती. गेल्या खेपेला विरामचिन्हांनी दगा दिला. आता ही शेवटची संधी.

तिच्या वॉर्डात एक शिस्त होती. सिरिंजमध्ये औषध भरलं की दुसऱ्या सिस्टरला दाखवायचं. तिने मान डोलावली की मगच टोचायचं. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली, की सरावाच्या पेपरात स्वल्पविराम दिला तरी ती समोर भाजी निवडणाऱ्या सासूबाईंना विचारायची, "आई, बरोबर ना?"

"नक्की का गं?" एवढंच त्या म्हणायच्या.

झालं. सिस्टर माझी मानगूट धरायची आणि चांगलं बरोबर उत्तर पुसून टाकायची. मी झिजत होतो, मार्क काही वाढत नव्हते. जीव तुटायचा माझा. पण खोडरबराचं ऐकतो कोण?

एकदा टेबल पुसताना सासूबाईंच्या हाती माझा मूठभर चुरा लागला.

"एवढं काय खोडतेस?"

"तुम्हीच विचारता ना, नक्की का म्हणून."

"अगं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बोलायचं म्हणून बोलते मी." त्या खुर्ची ओढून बसल्या. "असं कर, ते चिन्ह तिथे का दिलंस ते मला समजावून सांग. मला पटलं तर राहू दे."

मग रोज शिकवणी चालली. दोन पूर्ण वाक्यं जोडायला नुसता स्वल्पविराम पुरत नाही, हे सासूबाईंना पाठ झालं आणि मला आराम मिळाला.

परीक्षेत एका प्रश्नावर सिस्टर अडली. विचारायला शेजारी कुणी नव्हतं. तिने मला उचललं. तेवढ्यात तिचे ओठ हलले, "म्हणजे बघा आई..." सगळं पुटपुटून झालं आणि तिने मला खाली ठेवलं.

ती पास झाली. आता दिवसा कॉलेजात जाते, रात्री घरी झोपते. मी सासूबाईंकडे असतो. त्यांनी इंग्रजी गिरवायला घेतलंय आणि फार जोरात घासतात. थोडे दिवस राहिलेत माझे. पण आता पुसतो ते चुकलेलंच पुसतो. आणखी काय हवं? येतो मी.