बाटलेला रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. माणसांची तहान भागवण्यात माझं आयुष्य गेलं. पण चांगलं काय नि वाईट काय हे त्यांना कोण शिकवतं, ते मला काही कळलं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

सोनाळ्याच्या सहदेव कुंभाराने मला घडवलं. आतून गोटा धरून, बाहेरून थापी मारत त्याने मला मोठं केलं. भट्टीतून निघाल्यावर त्याने टिचकी मारली आणि माझा आवाज ऐकून तो हसला.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. रामराव पाटील हे मोठे शेतकरी, मऊ काळजाचे. आमच्याकडे कित्येक विहिरींचं पाणी मचूळ. म्हणून त्यांनी संग्रामपूरच्या वाटेवर, कडुनिंबाखाली पाणपोई घातली आणि मला वाळूत बसवलं. त्यांची बायको गोजरबाई रोज सकाळी गड्याकडून मला गोड्या पाण्याने भरून घेई. वाटसरू पाणी पिऊन दुवा देत. मी अभिमानाने पाझरत असे.

पण तिथे एक रीत होती. इतरांनी माझ्या झाकणावरचा पितळी गडू स्वतः बुडवायचा. बौद्ध वस्तीतल्या माणसांनी मात्र लांब उभं राहून ओंजळ धरायची, आणि कुणी वरून ओतलं तर प्यायचं.

एकदा त्या वस्तीतल्या पंचफुलाबाई दिवसभर शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून आल्या. घसा कोरडा पडला होता, तरी त्यांनी ओंजळ धरली नाही.

“पाटील, ही रीत कोनं ठरवली?”

“कोनी ठरवली नाही, बाई. पहिलेपासून चालत आली.”

“चालत आली म्हून बरोबर झाली का?”

रामराव गोंधळले. “जसं गाव तशी रीत असते.”

“तहान तं साऱ्या गावात येकच असते जी,” असं म्हणून त्या न पिताच निघून गेल्या.

मग वैशाख आला. पंचफुलाबाईंचे सासरे इंद्रभानबाबा बाजारातून पायी परतत होते. ऊन लागून ते माझ्यासमोरच कोसळले. रामराव सावलीत बसले होते. ते धावले. त्यांनी म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, गडू भरून त्याच्या ओठांना लावला, आणि तोच गडू पुन्हा माझ्यात बुडवला. बाबांनी डोळे उघडले. सुटला प्रश्न, असं मला वाटलं! चांगुलपणा माणसाच्या हातातच असतो. तो शिकवावा लागत नाही.

मी किती भोळा होतो!

तिसऱ्या दिवशी गोजरबाई घाबरून म्हणाल्या, “अवं, लोक पानी पिऊन नाही राह्यले. रांजण बाटला म्हनतात.” पितळ राखेने घासून, विस्तवावर धरून शुद्ध होतं, मातीला ती सोय नाही. गड्याने मला ओढत नेऊन नाल्याकाठी टाकलं. रामराव नुसते बघत उभे राहिले.

पंचफुलाबाई तिथे आल्या. “पाटील, तुमी माह्या सासऱ्याचा जीव वाचवला. मंग याले काऊन फेकता? तवा चुकलं का आता चुकून राह्यलं?”

“तवा मी इचार केला नोता, बाई,” रामराव खाली मान घालून म्हणाले. “तसंच होऊन गेलं.”

“आन आज इचार करून हे करता?”

मला ओरडावंसं वाटलं, पण मातीच्या तोंडातून शब्द निघत नाही.

पंचफुलाबाईंनी मला आपल्या दारात नेऊन बसवलं. कुणीही यावं, स्वतः बुडवून घ्यावं. तिथे मी सुखी होतो. पुढे एका उन्हाळ्यात विहिरी आटल्या; पंचफुलाबाई लांबून पाणी आणून मला भरत, आणि माझ्याभोवती वस्तीची झुंबड उडाली. तिथे कुणालाच विचार करायला वेळ नव्हता. आणि विचार न करता त्या हातांनी काय केलं? इंद्रभानबाबांनाच बाजूला ढकललं! मी पुरता चिडलो. रीतीवर भरवसा ठेवावा तर ती माणसाला लांब उभं करते; मनाच्या ऊर्मीवर ठेवावा तर ती आज मांडीवर घेते, उद्या ढकलते.

पंचफुलाबाई माझ्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या. “पहिले म्हातारे आन लेकरं!”

“हे कोनत्या रीतीत लिवलं आहे?” एक जण ओरडला.

“रीतीत नसन. पन बरोबर आहे.”

लोक कुरकुरले, पण मागे सरले.

त्याच दिवसांत रामराव आमच्या दारावरून चालले होते. ओठ सुकून गेले होते. पंचफुलाबाईंनी गडू भरून पुढे केला. “घ्या जी.” रामरावांचा हात पुढे आला; मी तो नीट पाहिला. मग त्यांनी वळून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर गावातले दोघं उभे होते. हात खाली गेला.

“तहान नाही मले,” ते म्हणाले, आणि तसेच उन्हात निघून गेले.

मित्रांनो, चांगुलपणा कुठून येतो ते तुम्ही मोठे होऊन शोधा. मला तो सापडला नाही. माझी एवढीच विनवणी आहे, की चांगल्यासाठी तुमचा हात पुढे गेलाच, तर रस्त्यावर कोण उभं आहे ते वळून बघू नका.