गुडघे टेकायचा पाट

मी एक लांबट, बुटका पाट आहे. बसायचा नव्हे, गुडघे टेकायचा. कन्नडच्या घाटातलं सागवान कापून कडूबा सुताराने मला घडवलं आणि औरंगाबादच्या छावणीतल्या जुन्या चर्चमध्ये, दाराजवळच्या शेवटच्या बाकासमोर, ठोकून बसवलं.

पाळकसाहेब म्हणत, “प्रार्थना करू या,” की सगळी मंडळी एकदम खाली वाकत. लुगड्यांची सळसळ होई, कुणाचे सांधे कडकड वाजत. प्रार्थनेत झुकलेले चेहरे मला दिसत नसत, पण गुडघ्यांवरून मी माणूस ओळखायचो. परीक्षेला बसलेली मुलं जोरात टेकत. नवी नवरी अलगद टेके.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी पुंजाराम आला. खेडं सोडून तो शहरात गवंडीकाम करू लागला होता. पहिल्याच रविवारी सगळे गुडघ्यांवर आणि हा एकटा उभा! हात जोडलेले, मान खाली, पण गुडघे ताठ.

शाळेचे सदाशिव मास्तर बाहेर पडताना त्याच्यावर चिडले. “देवापुढं वाकायला लाज वाटते का रे?”

“देवाची लाज नाय, मास्तर,” तो म्हणाला. “पण गुडघे नाय टेकायचो.”

पाळकसाहेबांनी मास्तरांना पुढे जाऊ दिलं आणि पुंजारामला बाकावर बसवलं. तो सांगू लागला. “आमच्या जहागिरदाराच्या गढीवरून मी पायात वहाणा घालून गेलो, साहेब. त्यानं मला अंगणात गुडघ्यांवर बसवलं. सकाळपासून पार उन्हं डोक्यावर येईस्तोवर. माझा बाप कोपऱ्यात उभा राहून बघत व्हता. आता जहागिरी गेली, पण ते अंगण काय डोळ्यांपुढनं जात नाय.”

 पाळकसाहेब म्हणाले, “तू उभ्यानंच प्रार्थना कर. इथं कुणाला शिक्षा नाही.”

दोन वर्षं तो उभा राहिला. माझ्या एका टोकाला, त्याच्यासमोरच्या जागी, धूळ बसायची. मला वाईट वाटायचं, पण त्याच्यावर राग कधी आला नाही.

मग मंडळीतल्या म्हाताऱ्या सारजाबाई विहिरीच्या पायरीवरून पडल्या. गुडघा मोडला. एरवी त्या बायकांच्या बाजूला पुढे बसत. तीन महिन्यांनी काठी टेकत आल्या, तेव्हा दाराजवळ म्हणून माझ्याच बाकावर बसल्या. प्रार्थनेला सगळे खाली गेले. सारजाबाईंनी बाकाची कड धरून दोनदा प्रयत्न केला. गुडघा वाकेना. त्यांना रडू फुटलं.

“लेक गेला तव्हाबी मी इथं गुडघे टेकले व्हते,” त्या पुटपुटल्या. “आता देवाला वाटंल, म्हातारी रुसली.”

पुंजाराम शेजारीच उभा होता.  तो खाली वाकून म्हणाला, “मावशी, रडू नका. तुमच्या वाटचं मी टेकतो.”

आधी एक गुडघा माझ्यावर आला, मग दुसरा.  सारजाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. प्रार्थना संपली, मंडळी उठली, तरी तो उठला नाही.

दारात पाळकसाहेबांनी त्याचा हात हातात घेतला. पुंजाराम म्हणाला, “तिथं टेकवले व्हते, साहेब. इथं मी टेकले.”

सारजाबाई असेतोवर तो दर रविवारी दोघांचे गुडघे टेकत राहिला. त्या गेल्यावर एकट्याचे, आणखी तीसेक वर्षं. आता तोही नाही. बाकांच्या जागी खुर्च्या आल्या आणि मला व्हरांड्यात भिंतीशी उभं केलंय. येत्या आठवड्यात मला कापून गीतपुस्तकांसाठी फळी करणार आहेत म्हणे. करा. गाणी अंगावर घेऊन राहणं वाईट नाही.

फक्त सुताराला एक सांगा. माझ्या त्या टोकाला, पुंजारामच्या जागी, शेजारी शेजारी दोन उथळ खळगे पडलेत. तेवढ्यावर रंधा फिरवू नका.