बदकवालीच्या कागदावरचा ठसा

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या पोटावर एकच शब्द उलटा कोरलेला आहे, 'संशयास्पद'. त्यामुळे मी ताकही फुंकून पितो. मित्रांनो, तुम्ही माझी कहाणी शेवटपर्यंत ऐकाल, याचीही मला खात्री नाही.

कांदाबाच्या दलदलीकाठी लष्कराच्या छावणीत माझं आयुष्य गेलं. कॅप्टन लागमान यांच्या टेबलावर शत्रूच्या बातम्या येत. विमानातून काढलेला फोटो आला, की ते चष्मा पुसून बघत. वायरलेसवर पकडलेलं बोलणं ते दोनदा वाचत. बातमी चिखलाच्या पायांनी चालत आली, की मात्र त्यांचा हात थेट माझ्याकडे वळे. सगळ्यांत जास्त झिजलो तो मीच, आणि मला त्याचा अभिमान होता!

एके दुपारी बदकवाली इस्का आली. सगळे तिला आपु, म्हणजे आजी, म्हणत. नदीच्या उताराजवळ लव्हाळ्यात माणसं लपली आहेत, तीन दिवस बदकं तिथं शिरत नाहीत, असं तिनं सांगितलं. कारकुनानं ते टाइप केलं. दुसऱ्या दिवशी त्याच उतारावरून सार्जंट सुंगा अकरा जवानांना घेऊन नदी ओलांडणार होते.

ती गेल्यावर कॅप्टन हसले. "जवान तिकडून जाऊ नयेत म्हणून हे सगळं. हिला आपली बदकं सांभाळायचीत, दुसरं काय! फोटोत तर चिटपाखरू नाही." त्यांनी मला तिच्या कागदावर दाबलं. खरं सांगतो, मलाही म्हातारीचा संशयच आला होता.

सुंगा तिथंच उभे होते. "साहेब, जायचंय मला. तिचं पोट बदकांवर आहे, म्हणून तर ती डोळ्यांत तेल घालून बघते! तुमचा फोटो कधीचा?"

कॅप्टननी फोटो उलटा केला. "पाच दिवस झाले."

"आणि बदकं तीन दिवसांपासून बिथरलीत."

कॅप्टननी मला उचललं आणि त्या गुळगुळीत फोटोवर दाबलं. मला भारी लाज वाटली. इतकी वर्षं मी फोटोंवर कधी शंकाच घेतली नव्हती.

सुंगा लांबच्या वाटेनं, मागून लव्हाळ्यात शिरले. लपलेले पळाले होते. उतारावर नेम धरून बसायला खणलेले खड्डे तेवढे राहिले होते, आणि पातेल्यातला भात अजून कोमट होता. अकराच्या अकरा जवान घरी परतले.

कॅप्टननी आपुला तांदळाचं पोतं पाठवलं. तिच्या कागदावरचा माझा ठसा मात्र कुणी खोडला नाही. ती फाइल उघडणारा आजही तिला खोटारडी समजतो.

आता मी खणात पडून आहे, रबर तडकलं आहे. मित्रांनो, संशय जरूर घ्या, पण पायांचा चिखल बघून घेऊ नका. माझी शाई कधीच वाळली. आपुच्या कागदावरची अजून गेलेली नाही.