निळा अ‍ॅम्प

मामाने गिटारचा अ‍ॅम्प उचलून बाकावर ठेवला, त्याची पाठ स्वतःकडे वळवली आणि आतल्या धुळीवर अशी काही फुंकर मारली, की दातांच्या डॉक्टरांना दोन पावलं मागे सरकावं लागलं.

"वीस वर्षांचा आहे," डॉक्टर रुमालाने चष्मा पुसत म्हणाले. "मी घेतला तेव्हा तुमची भाची जन्मलीही नसेल."

"म्हणून तर आलोय. हल्लीचे अ‍ॅम्प म्हणजे नुसते खोके! टकळे, हा ट्रान्सफॉर्मर बघ. उचलताना कंबर धरली, तर तो अ‍ॅम्प."

टकळीने बघितलं. तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं, तेव्हा हे नाव तिला फार लहानपणीच चिकटलं होतं, आणि सोळाव्या वर्षी ती ते बक्षिसासारखं मिरवत होती. आज मात्र ती जरा जपून बोलत होती. सुट्टीमुळे बंद असलेल्या दवाखान्यात ते तिघंच होते. पेशंट नसले की डॉक्टर इथेच गिटार वाजवत बसायचे. आता त्यांच्या अंगठ्याने दगा दिला होता, म्हणून अ‍ॅम्प विकायला निघाला होता.

घरच्यांनी ट्यूबच्या, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्पला होकार दिला होता तो एकाच अटीवर, की मामा पसंत करेल तोच घ्यायचा. मामाचा गिटारचा क्लास होता. तरुणपणी बावीस वर्षं तो ड्रम आणि स्पीकर यांच्या मधोमध उभा राहून वाजवत आला होता, आणि सूर म्हटलं की घरात त्याचा शब्द शेवटचा. टकळीच्या मनात दोन अ‍ॅम्प होते. एक दुकानातला निळा, नवाकोरा, पाच वॅटचा, गॅरंटीसकट, शेजारपाजारचे धावून येणार नाहीत इतपत आवाजाचा. तो ती ऐकून आली होती. बरा होता, लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकाला आपण बरा म्हणतो, तसा बरा. आणि दुसरा हा.

डॉक्टरांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला, मागे ट्यूब हळूहळू नारिंगी झाल्या. टकळीने आपली गिटार जोडून एकच कॉर्ड वाजवला.

खोली भरून गेली. आवाज मोठा नव्हता, पण जाड होता, ऊबदार होता. तिने बोट जरा दाबलं की तोही दाबला जात होता, तिने सोडलं की सुटत होता. टकळी तोंड उघडं टाकून मामाकडे बघत राहिली. मामा हसला. "बघ! म्हटलं नव्हतं?"

मग तिने तारांवर तळवा ठेवला. तारा गप्प झाल्या, पण मागे एक शिट्टी उरली. बारीक, सुईसारखी.

"मामा, शिट्टी येतेय."

"कुठे?"

"आत्ता. येतेय की! ईऽऽऽ अशी."

मामाने मान कलती केली, डोळे मिटले. क्लासमध्ये कुणाची तार बेसूर असली की तो असाच उभा राहायचा आणि सगळ्यांचे श्वास अडकायचे.

"हां, आहे थोडीशी," तो म्हणाला. "जुन्या ट्यूबचं असतंच तसं. एक बदलली की जाईल."

"कुठली ते आत्ताच बघू या की," डॉक्टर उत्साहाने म्हणाले. दाढ ठोकून बघायची बारीक सळई त्यांनी घेतली आणि तिच्या मागच्या टोकाने एका ट्यूबला टिचकी मारली. "मी ठोकतो, तुम्ही सांगा. ही?"

"नाही."

"ही?"

काच किंचाळावी तसा आवाज झाला. टकळीचे दात शिवशिवले.

"अंहं, ही पण नाही," मामा म्हणाला.

टकळी फिस्सकन हसली. मामा डॉक्टरांची फिरकी घेतोय, असं तिला वाटलं. पण मामाचा चेहरा गंभीर होता, डोळे लाल दिव्यावर होते. डॉक्टरांची सळई हवेतच थांबली. दुखत नाही म्हणणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं त्यांनी मामाकडे बघितलं, आणि मग त्यांचा दुसरा हात सावकाश अ‍ॅम्पच्या मागे गेला.

ट्यूबच्या अ‍ॅम्पला दोन बटणं असतात. पहिल्याने ट्यूब तापतात आणि दिवा लागतो. दुसऱ्याने आवाज सुटतो. दुसरं बंद केलं, तर दिवा लागलेलाच राहतो पण अ‍ॅम्प मुका होतो. डॉक्टरांनी दुसरं बंद केलं. शिट्टी गेली. खोलीत इतकी शांतता झाली, की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकलेला ऐकू आला.

"आता?" डॉक्टरांनी विचारलं.

मामाने पुन्हा मान कलती केली. दिवा लागलेलाच होता.

"कमी झालीय," तो म्हणाला. "पण आहे. बारीक आहे."

डॉक्टरांनी बटण होतं तसं केलं आणि ते सळई पुसत बसले. स्वच्छच होती ती, तरी पुसत बसले. टकळीकडे त्यांनी एकदाच बघितलं.

"काय टकळे, न्यायचा ना?" मामाने तळहात चोळले. "मी येत जाईन दर आठवड्याला. सगळ्यांसमोर ट्यूब काढून दाखवीन, कुठली बसली, कुठली चालते. असला अ‍ॅम्प सांभाळायला कान लागतो."

टकळीचा हात अ‍ॅम्पच्या पाठीवर होता. तो आता चांगला गरम झाला होता. तिने हात काढून घेतला.

"मला नको हा."

"काय?"

"दुकानातला हवाय. तो निळा."

"अगं पण का?"

तिने शोधून शोधून असं कारण काढलं, की ज्याला कान लागत नव्हते.

"माझ्या पडद्यांना मॅच होतो."

मामा डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "माफ करा हं. तुमचा वेळ घेतला. चार वर्षं शिकवतोय हिला. वाटलं होतं, पोरीला कान आहेत."

"असं होतं कधी कधी," डॉक्टर अ‍ॅम्पची वायर गुंडाळत म्हणाले.

रस्त्यावर मामा दोन पावलं पुढेच चालत राहिला. कोपऱ्यावर थांबून म्हणाला, "पुढच्या महिन्यात मोठ्यांच्या बॅचला घालणार होतो तुला. आता राहू दे."

"हो."

"पडदे म्हणे! आणि आता बोलायला काय झालं? एरवी तर तोंडाला खळ नसतो."

दुसऱ्याच दिवशी त्याने सगळ्या क्लासला ते सांगितलं. हातवारे करून, नक्कल करून. पोरी खिदळल्या. मागच्या रांगेतली लंबू म्हणाली, "सर, मग गिटार चादरीला मॅच होते का विचारा!" टकळी पायातल्या बुटांची लेस बांधत राहिली, सुटलेली नसताना.

"आणि शिक्षाही आहे बरं का तिला," मामा म्हणाला. "रोज क्लासआधी अर्धा तास यायचं, आणि भिंतीवरच्या सगळ्या गिटारी सुरात लावून ठेवायच्या. आत्ताच्या आत्ता लाव." खडू घेण्यासाठी तो खाली वाकला. "माझीसुद्धा."

क्लास आणखी जोरात हसला.

टकळी उठली. तिने भिंतीवरून आधी मामाची गिटार काढली आणि कान खाली नेऊन पहिली तार छेडली. मामा फळ्याकडे तोंड करून लिहीत होता. खडू मध्येच थांबला.

"लागली?" त्याने मागे न वळता विचारलं.

तार अजून कितीतरी उतरलेली होती.

"नाही. थांब."

"थांबतो," मामा म्हणाला.