खिंडारातली पहिली रांग

अठ्ठावीस मिलिमीटर उंचीच्या शिशाच्या शिपायाला डोळा रंगवायचा, तर पांढरा ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून मोठा होऊन चालत नाही. मोठा झाला की शिपाई घाबरलेला दिसतो. ग्वेंडाच्या हातातल्या शिपायाचा उजवा डोळा मोजून काढल्यासारखा होता, डावा जवळजवळ दुप्पट. तिच्या नवऱ्याने, क्लेमंटने रंगवलेला हा शेवटचा. त्यानंतर तो ब्रशची टोकं चोखायला लागला आणि तिने ब्रश लपवून ठेवले. त्याला तीन वर्षं झाली.

बेल्परच्या चर्चमागच्या हॉलमध्ये युद्धखेळ क्लबची शनिवारची सकाळभर मांडामांड चालली होती. बारा फुटांच्या टेबलावर स्पेनमधला बादाहोसचा किल्ला उभा राहिला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काम केलेल्या हातांनी ग्वेंडाने त्याचा तट फोममधून कापला होता, आणि तटाला पाडलेल्या खिंडारात बारीक तारेची पाती रोवली होती. दोन वाजता हल्ला सुरू व्हायचा होता.

त्याआधी, एक वाजेपर्यंत, तिला एक फोन करायचा होता. न्याहारीच्या वेळी वृद्धाश्रमाच्या मेट्रनने कळवलं होतं की एक खाट रिकामी झाली आहे. एकपर्यंत होकार आला नाही, तर खाट यादीतल्या पुढच्याला जाईल. अशी खाट यंदा तिसऱ्यांदा रिकामी झाली होती. आधीच्या दोन्ही वेळा ग्वेंडा "कळवते" म्हणाली होती आणि कळवलं नव्हतं.

क्लेमंट कोट घालून हीटरजवळ बसला होता, मांडीवर बिस्किटाचा चुरा.

"क्लेम कसा आहे?" क्लबमधल्या डंकनने तिला विचारलं. क्लेमंट चार फुटांवर होता.

"त्यालाच विचार की."

"विचारलं. चोर म्हणाला मला."

"मग आज खुशीत आहे."

तिने बाही खाली ओढली. मनगटावर दातांची खूण होती. सहा दिवसांपूर्वीची, कडेने पिवळी पडत चाललेली.

खिंडारात पहिल्यांदा घुसणारी तुकडी मरते. फासे कसेही पडोत, दहातले आठ जातात. हिवाळेच्या हिवाळे खपून रंगवलेले आपले शिपाई पहिल्याच फेरीत मूठमुठीने उचलून बाजूला ठेवायला कुणाला आवडेल? म्हणून क्लबची रीत अशी होती, की पहिली रांग गेलेल्या सभासदांच्या पेट्यांमधून लावायची. रीत घातली क्लेमंटनेच, अध्यक्ष असताना. "गेलेल्यांना कसलं आलंय मरण!" असं म्हणून तो पेटीचं झाकण उघडायचा, आणि सगळे हसायचे.

चार वर्षांपूर्वी क्लबमधल्या विल्फचे हात थरथरायला लागले. एक शिपाई हलवायला गेला की तीन आडवे व्हायचे. एका शनिवारी क्लेमंटने विल्फच्या देखतच त्याची पेटी कपाटातून काढली. "विल्फ गेला असं धरा रे," तो म्हणाला. सगळे हसले. विल्फही हसला. तेव्हापासून तो दर शनिवारी येऊन सगळ्यांचा चहा करी, टेबलाला मात्र हात लावत नसे.

आज त्याने चहाची किटली ठेवली आणि कपाटाकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातातल्या पेटीचं झाकण खडखडत होतं.

"पहिल्या रांगेला चाळीस कमी पडताहेत, ग्वेंडा."

झाकणावर क्लेमंटचं नाव होतं.

"विल्फ, अरे, माणूस समोर बसलाय!" डंकन म्हणाला.

"मीही समोरच बसलो होतो."

सगळे ग्वेंडाकडे बघू लागले. तिने पेटी घेतली, लाल डगल्यांचे शिपाई एकेक करून बाहेर काढले आणि खिंडारासमोर उभे केले. दोन रांगा, मध्ये दोन सेंटिमीटर.

क्लेमंट उठून टेबलाशी आला.

"कुणाचे रे हे?"

"होता एक. गेला," विल्फ म्हणाला.

"मग घाला की पुढे!" क्लेमंट खदखदून हसला. "गेलेल्यांना कसलं आलंय मरण!"

डंकनला हसू फुटलं आणि त्याने ते तिथेच गिळलं.

क्लेमंटने रांगेतला एक शिपाई उचलून उलटा केला. पायथ्याखाली त्याची आद्याक्षरं होती. तो बराच वेळ बघत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा जागेवर आला, जुना, ओळखीचा.

"ग्वेन," तो म्हणाला. गेल्या वर्षभरात त्याने तिचं नाव घेतलं नव्हतं. "हे माझे आहेत. सांग ना यांना. मी गेलो नाहीये अजून. इथेच आहे मी."

विल्फने मान खाली घातली. "काढतो, ग्वेंडा," तो पुटपुटला. "चुकलं माझं. काढतो मी."

"राहू दे," ती म्हणाली.

एक वाजायला दहा मिनिटं होती. मागच्या दोन्ही वेळी असंच झालं होतं. तो एकदम स्वच्छ बोलायला लागला होता आणि तिचा फोन राहून गेला होता. एकदा ते चाळीस मिनिटं टिकलं, एकदा पंचवीस. ती घड्याळ लावून बसली होती.

तिने क्लेमंटची बोटं एकेक करून उघडली. तो घट्ट धरत होता, पण तिच्या हातात जोर जास्त होता. शिपाई रांगेत परत ठेवला, तोंड खिंडाराकडे. मग पर्समधून फोन काढला आणि सगळ्यांच्या समोर, क्लेमंटकडे बघतच, नंबर लावला.

"ग्वेंडा हॅलम बोलतेय," ती म्हणाली. "हो. खाट ठेवा. सोमवारी सकाळी दहाला आणून सोडते त्याला."